रूपाचं रडणं

नरसीच्या रस्त्यावर माझं चहाचं हॉटेल हाय. हॉटेल म्हंजे वर पत्रे, खाली दोन बाकडे अन् एक गॅसची शेगडी. पण बोर्डावर 'हॉटेल' लिवलंय, त हॉटेलच म्हणायचं. नामदेव महाराजाच्या दर्शनाला येणारे लोक चहा पिता पिता मागं वाकून पाहतेत अन् विचारतेत, "मावशी, ती तोंड झाकून भजे तळून राहिली ती कोण?" मी सांगते, "रूपा हाय ती. तुमी भजे खा, गरम हायेत तवर."

काही जणांचं तेवढ्यानं भागत न्हाई. "नवऱ्यानं जाळलं का हो?" असं एकानं विचारलं, तव्हा माझं डोकं फिरलं. जगनला हजार नावं ठेवीन मी. आळशी हाय, कडू तोंडाचा हाय. पण त्यानं बायकोला कधी बोट लावलं न्हाई. माहीत नसताना लोक काहीबाही बोलतेत, म्हून एकदाचं सांगून टाकते.

रूपा बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. मी गावातली, आमच्या विहाराच्या मागच्या गल्लीतली. आमची वळख सोयाबीन सोंगायच्या टोळीतली. एका ओळीला ती, दुसऱ्या ओळीला मी. तिचा हात माझ्यापेक्षा चलाख अन् तोंड माझ्यापेक्षा गोड. पण तांड्यात तिचं नाव व्हतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. रडण्यासाठी.

हसू नका. तांड्यातल्या बायकांची रीत हाय. कुणी मेलं, लेक सासरी चालली, न्हाई त बहिणी-बहिणी लई दिवसांनी भेटल्या, की एकमेकीच्या गळ्यात पडायचं, गालाला गाल लावायचा अन् सुरात रडायचं. रडता रडता सगळं सांगायचं: मेलेला कसा व्हता, त्याला काय आवडायचं, मागं कोण राहिलं. मयताच्या घरी जाऊन जी बाई अशी रडली न्हाई, तिला वैरीण समजतेत. आमच्यात रडू येतं तव्हा माणूस रडतं. त्यांच्यात ते लेकराला शिकवावं लागतं. अन् रूपासारखं रडणं कुणालाच येत नव्हतं. दुसऱ्या तांड्यावरून तिला न्यायला मोटारसायकल यायची. ती गळ्यात पडली की दगडालाही पाझर फुटायचा. मी एकदा तिला म्हणले, "रूपे, तू खरं रडती का सोंग करती?" ती म्हणली, "शालूबाई, खरं रडू आल्याशिवाय सूर लागतच न्हाई. खोटं असलं की गळा धरतो."

हे तिचं बोलणं ध्यानात ठेवा.

मग सोयाबीनच्याच दिवसांत ते झालं. मळणीयंत्र चालू व्हतं, रूपा पेंढ्या देऊन राहिली व्हती. वारं सुटलं अन् ओढणीचा पदर पट्ट्यात गेला. यंत्र बंद करेस्तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं. नाक गेलं, दोन्ही व्हट गेले, गाल सोलून निघाले. डोळे तेवढे वाचले. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले व्हते. जास्त सांगत न्हाई. सांगवत न्हाई.

सरकारी दवाखान्यात वरचेवर ऑपरेशनं झाली. मांडीची कातडी काढून गालावर लावली. जीव वाचला, पण तोंड काही झालं न्हाई. पाणी प्यायचं त मान वर करून घशात वतायचं. लाळ सारखी गळायची. व्हट नसल्यावर निम्मी अक्षरं निघत न्हाईत. सोताच्या लेकीला, मिनाला, ती 'ईना' म्हणायची. तिचं बोलणं कळायचं ते फक्त मिनाला अन् मला. अन् त्या मांडीच्या कातडीला काही कळत नव्हतं. माशी बसली तरी कळायचं न्हाई, चटका बसला तरी न्हाई.

तांड्यातल्या बायका वाईट नव्हत्या. येऊन गळ्यात पडायच्या. पण आता मान वळवून. गाल खांद्यावर टेकायचा, गालाला न्हाई. आधी सासऱ्यापुढं, जेठापुढं ती घुंगट वढायची. आता लेकरापुढंबी वढायला लागली. ती मला म्हणली, "आधी लाज म्हून तोंड झाकत व्हते. आता तोंडच लाज झालंय."

पुढं मिनाचं जमलं. जवळा बाजारकडचा पोरगा, चांगला शिकलेला. पाव्हणे यायच्या आदल्या दिवशी मिना याडीजवळ, म्हंजे आईजवळ, बसली, तिच्या पायाला तेल चोळलं अन् हळूच म्हणली, "याडी, ते लोक येतीन तव्हा तू रुक्माकाकीच्या घरी बस. अन् लग्नात ढावल्याच्या वेळेला काकीलाच उभं करू."

ढावलो म्हंजे नवरीचं रडगाणं. लेक निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गाते, अन् शेवटी याडीच्या. त्या वेळेला याडीनं घुंगट वर करायचा असतो. लेकीनं तोंड पाहून जायचं असतं.

"काहून?" रूपानं विचारलं.

"ते लोक मोबाईलवर काढतेत ना, याडी."

पोरगी तशी मायेची हो. म्हून त जास्त लागलं. रूपानं मान हलवली अन् पाव्हण्यांच्या दिवशी रुक्माबाईच्या घरी जाऊन बसली. भिंतीकडं तोंड करून. सोताच्या लेकीच्या सोयरिकीत चोरावानी.

त्याच्यानंतरच तिनं पुण्याकडच्या एका मोठ्या दवाखान्याचं मनावर घेतलं. तिथले डॉक्टर आधीच म्हणले व्हते की मेलेल्या माणसाचं तोंड काढून जित्या माणसाला लावता येतं, आमी इथं पहिल्यांदाच करणार हाव, खर्च सगळा दवाखान्याचा. जगनला वाटलं कुणीतरी थट्टा करून राहिलं. पण रूपा हटून बसली. तिची बोली कळायला कुणीतरी संगं पायजे, म्हून मी गेले. हॉटेल सुनेवर टाकलं.

डॉक्टर लपवून ठेवणारा नव्हता. त्यानं रूपाला समोर बसवलं अन् आरशासारखं साफ सांगितलं. टेबलावरच जीव जाऊ शकतो. वाचलात त जन्मभर रोज गोळ्या. शरीर परक्या कातडीला वैरी समजतं, गोळी चुकली की ते तोंड लाल होतं, सुजतं, गळून पडतं. त्या गोळ्यांनी बाकीच्या अंगाची ताकद जाते, साधा ताप जिवावर बेततो, किडनी बिघडते, कॅन्सरही होऊ शकतो. अन् लावलेलं तोंड मेलं, त खाली आज हाय तेवढंही उरणार न्हाई.

"मी तिच्यासारखी दिसन का?" रूपानं विचारलं. 'तिच्यासारखी' म्हंजे जी मेली तिच्यासारखी.

"नाही. हाडं तुमची, कातडी तिची. तुम्ही कुणासारख्याच दिसणार नाही. पहिल्या रूपासारख्यासुद्धा नाही."

तिकडं डॉक्टर हे सांगून राहिला अन् इकडं तांड्यात जगन अन् त्याचा भाऊ भांडून राहिले की नव्या तोंडावर हनुवटीचं गोंदण पुन्हा काढायचं का न्हाई. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!

विचारपूस करायला एक चष्म्यावाल्या मॅडम व्हत्या. त्यांनी रूपाला विचारलं, "तुम्हाला नवा चेहरा कशासाठी हवाय?"

रूपा खरं बोलली. "लेकीचं लगीन हाय उन्हाळ्यात. गालाला गाल लावायचाय."

मी तिचं बोलणं उलगडून सांगितलं, तसं मॅडमनं पेन खाली ठेवलं. म्हणल्या, "रूपाताई, लग्नापुरता चेहरा मिळत नाही. वर्षभर सूज राहील. ओठ हलायलाच कितीतरी महिने लागतील. गालाला स्पर्शसुद्धा कळणार नाही लवकर. कदाचित कधीच नाही."

रूपा म्हणली, "मला न्हाई कळलं त न्हाई. तिला त कळंल."

हे मी मॅडमला सांगितलं. त्यांनी फाईल मिटली. मग म्हणल्या, एवढ्यासाठी आम्ही तुमचा जीव धोक्यात घालू शकत नाही, नीट विचार करून पुन्हा या. बाहेर आल्यावर मी रूपाला झापलं. "अगं येडे, अजून लेकीला लेकरं व्हायचीत, त्यांना पाहायला जिती राहा की! तुझ्या गालापायी मरती का?" पुढच्या खेपेला मॅडमनं पुन्हा विचारलं, तव्हा रूपा शहाण्यासारखी म्हणली, "नीट खायचंय, पाणी प्यायचंय, लाळ थांबवायचीय, बोलायचंय." तेबी खरंच व्हतं, अन् मॅडमनं होकार दिला. पण मनात काय व्हतं ते मला दिसत व्हतं.

निघताना तिनं एकच विचारलं, "जी देणार, तिच्या घरी मी कव्हा जायचं?"

मॅडम म्हणल्या, "नाही जायचं. दोन्ही घरांना नावंसुद्धा कळू देत नाही आम्ही. नियमच आहे."

"मग तिच्यासाठी रडायचं कुठं?"

मॅडमला वाटलं मीच काहीतरी चुकीचं सांगितलं. त्या हसल्या अन् पुढच्या पेशंटला बोलावलं.

दवाखान्याच्या मागं आमाला खोली दिली व्हती. तिथं वाट पाहत बसायचं. कशाची वाट? ते कुणी तोंडानं बोलत नव्हतं. रूपाच्या वयाची, तिच्या रंगाची, तिच्या रक्ताची बाई मरायची वाट. खोलीची खिडकी दवाखान्याच्या फाटकावर व्हती. ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की रूपा भाकरी खाली ठेवून खिडकीत जायची. स्ट्रेचरवर बाप्या दिसला की परत येऊन बसायची. सणाच्या दिवसांत फाटक सुनं राहिलं, तर तिचं तोंड उतरलं. आता तुमी म्हणसान, नसलेलं तोंड कसं उतरतं? डोळ्यांत उतरतं.

एक दिवस अवकाळी पाऊस लागला. मी म्हणले, काय बाई हा पाऊस, वाळत घातलेले कपडे भिजले. रूपा खिडकीतूनच म्हणली, "आज रस्ते निसरडे झाले असतीन. गाड्या घसरतीन."

बोलली अन् सोताच्या कानांनी ऐकलं तिनं. मग दोन्ही हातांनी तोंडात मारून घ्यायला लागली. फाड फाड. मी हात धरले. ती वरडून राहिली, "शालूबाई, मी काय झाले? मी काय झाले ग?" मी तिला उराशी धरलं. मीबी त खिडकीतून पाहतच व्हते.

ती वेळ एका दुपारी आली. नर्स धावत येऊन म्हणली, काही खाऊ नका, आंघोळ करून तयार राहा, बहुतेक आज होईल. नक्की झालं की बोलावतो. रूपा आंघोळ करून वरच्या मजल्यावरच्या बाकावर बसली. मी जगनला फोन लावला, मिनाला सांगितलं. मिना तिकडून रडत म्हणली, "याडीला म्हणावं, मी नारळ ठेवलाय सेवालाल महाराजापुढं."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून रडणं ऐकू आलं. खेड्यातल्या बाईचं रडणं, ऊर फोडून. "माझे बाई, तू मला पोचवायचं व्हतं ग, मी तुला पोचवू का?" असं काहीतरी.

रूपा उठली.

"कुठं चालली?" मी म्हणले.

"रडाय."

"अगं, भेटायचं न्हाई म्हून सांगितलंय ना! अन् कशावरून तीच हाय?"

"तिची लेक मेली शालूबाई. अन् मी आंघोळ करून बसलेय. माणूस हाय का मी?"

मला तिला अडवता आलं न्हाई. घुंगट खाली वढून ती जिना उतरली, मी मागं. खाली जिन्याजवळ भिंतीला टेकून माझ्याच वयाची एक बाई बसली व्हती. संगं दोन-तीन माणसं, सुन्न झालेली. रूपा सरळ गेली, खाली बसली अन् तिच्या गळ्यात पडली. ती बाई तांड्यातली नव्हती, तिला ही रीत काय ठावं? पण दुःखाच्या भरात कुणी गळ्यात पडलं की माणूस घट्ट धरतं. तिनं धरलं. ओढणीवरूनच रूपाच्या गालाला गाल लावला अन् दोघी रडल्या.

देवा शपथ सांगते, असं रडणं मी पुन्हा ऐकलं न्हाई. शब्द एकही धड निघत नव्हता, पण सूर तोच, पहिला. सगळा मजला थांबला. झाडणारी बाई झाडू धरून उभी राहिली. ती आई सांगून राहिली, लेक मोटारसायकलवर मागं बसली व्हती, पदर चाकात गेला. पदर! रूपा त्या एका शब्दाला कळवळली.

अन् तेवढ्यात त्या चष्म्यावाल्या मॅडम जिन्यावरून आल्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "रूपाताई! तुम्ही इथं कशा? अहो, यांनाच भेटायचं नव्हतं!"

त्या आईनं मान वर केली. मॅडमकडं पाहिलं, मग रूपाकडं. दवाखान्याच्या लोकांनी तिला सकाळपासून समजावलं असंल ना, कोण्या एका बाईला तोंड पायजे म्हून. तिनं हात पुढं केला अन् रूपाचा घुंगट वर उचलला. पाहिलं. वरडली न्हाई, तोंड फिरवलं न्हाई. नुसतं विचारलं.

"म्हून रडत व्हतीस व्हय?"

रूपा मान हलवू शकली न्हाई. हो म्हणवेना, न्हाई म्हणवेना. मी मधी पडून म्हणणार व्हते की न्हाई हो ताई, तिची रीत हाय ती, ती खरी रडली. पण मी मागंच सरकले. आमी दोघी खिडकीत उभ्या राहून काय पाहत व्हतो ते मला ठावं व्हतं.

ती आई मॅडमला म्हणली, "डोळे घ्या. किडन्या घ्या. काय पायजे ते घ्या. तोंड न्हाई. मला तिचं तोंड पाहून अग्नी द्यायचाय."

मॅडमनं मान हलवली अन् रूपाला वर नेलं.

डॉक्टर रागावला न्हाई. म्हणला, दुसरी वेळ येईल, थांबा. रूपा म्हणली, "आता वाट पाहवत न्हाई." दुसऱ्या दिवशी आमी गाडीत बसलो. हिंगोली येईस्तोवर तिनं घुंगट उचलला न्हाई, पाण्यालाबी न्हाई.

गावी आल्यावर लोक विचारायला आले. "काय झालं? घाबरली का?" जगन सांगायचा, "जमलं न्हाई." तांड्यात एक मयत झालं, रूपाला बोलावणं आलं, ती गेली न्हाई. लोकांना वाटलं तोंडाच्या लाजेनं. मला ठावं व्हतं, ही लाज दुसरीच.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी मिनाला चुलीपाशी गाठलं. राग माझ्या नाकावर असतो, तो तिथं आला. म्हणले, "पोरी, तुझी याडी तुझ्या ढावल्यासाठी मरायला निघाली व्हती. मोबाईलवर चांगलं दिसावं म्हून!" अन् सगळं सांगितलं. पोरगी हळदीच्या हातानं तोंड झाकून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी मांडवात गर्दी. ढावलो सुरू झाला. मिना बापाच्या गळ्यात पडली, काकाच्या पडली, मैतरणींच्या पडली. ठरल्यापरमानं याडीच्या जागी रुक्माबाई नवं लुगडं नेसून उभी. रूपा मागं भांड्यांजवळ माझ्यापाशी बसली व्हती. मिना रुक्माबाईपाशी आली, थांबली अन् वळली. गात गात सगळा मांडव तुडवत मागं आली. नवऱ्याकडचे लोक मोबाईल धरून तिच्या मागं. मिनानं याडीला हाताला धरून उभं केलं, सगळ्यांसमोर तिचा घुंगट वर केला, गळ्यात पडली अन् त्या मांडीच्या कातडीवर आपला गाल घट्ट दाबला. न बिचकता. लाळेनं ओली झाली तरी हलली न्हाई.

"याडी, तू मला न्हाऊ घातलं, याडी, तू मला भरवलं," मिना गात व्हती. आता याडीनं सूर धरायचा. सगळा तांडा रूपाच्या सुराची वाट पाहून राहिला.

सूर आला न्हाई. रूपा लाकडावानी उभी. डोळे कोरडे ठक्क. मिना रडली, थांबली, पुन्हा रडली. रूपाचे हात खाली लोंबकळत व्हते. शेवटी बायकांनी मिनाला सोडवून जीपमध्ये बसवलं.

जीप गेली, रूपा पुन्हा भांड्यांजवळ बसली. बायका कुजबुजून राहिल्या, "लेक चालली तरी याडी रडली न्हाई!" रुक्माबाई त मोठ्यानं म्हणली, "दगड हाय दगड." मी पदर खोचून उठलेच व्हते, पण रूपानं माझा हात धरला. तिनं दुसरा हात गालावरून फिरवला अन् बोटं डोळ्यांपुढं धरली. बोटं ओली व्हती. मिनाच्या डोळ्याचं पाणी. गालाला त काही कळत न्हाई तिच्या.

"लावला ना तिनं गाल?" तिनं मला विचारलं.

"लावला ग बाई. सगळ्यांसमोर लावला. मग तू काहून न्हाई रडली?"

"आलं व्हतं रडू. गळ्यापर्यंत आलं व्हतं. तेवढ्यात ती दवाखान्यातली बाई कानात विचारायला लागली, म्हून रडून राहिलीस व्हय?" रूपा बोटांकडंच पाहत व्हती. "तिच्या लेकीसाठी मी रडले ते खरं व्हतं का खोटं, माझं मलाच कळंना झालंय, शालूबाई. मग माझ्या लेकीला कोणतं रडू देऊ?"

मी तिच्याजवळ बसून राहिले. मांडवात पंगत बसली व्हती अन् कुणीतरी भांडी मागून राहिलं व्हतं. रूपा उठली, घुंगट खाली वढला अन् भांडी द्यायला लागली.